सकाळ सांध्यांची, दुपार माझी

पहाटे पाच

प्रयोगशाळा साडेआठला उघडते आणि माझा गजर पाचचा असतो. मधला वेळ बोटं उघडण्यात जातो.

ज्यांना आमवात आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आजीच्या गुडघेदुखीत चाललं की दुखतं, बसलं की बरं वाटतं, आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत निघून जातो. तो झिजेचा वात. आमचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बरोबर उलटा चालतो. विश्रांती घेतली की सांधे धरतात, हळूहळू वापरले की सुटतात, आणि सकाळी ते सुटायला तास-दोन तास लागतात. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. सूज वाढवणारी इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्यं रक्तात रात्रीच्या उत्तरार्धात चढतात. त्यांना आवर घालणारं कॉर्टिसॉलही पहाटेकडे वाढतं, पण आमच्यात ते पुरं पडत नाही. म्हणून या दुखण्याला स्वतःचं वेळापत्रक आहे. ते सकाळी सर्वांत कडक असतं, दुपारी बरंच सैल होतं, आणि संध्याकाळी पुन्हा थकवा घेऊन येतं.

जगाचं वेळापत्रक मात्र सकाळवर उभं आहे. परीक्षा सकाळी दहाला, प्रात्यक्षिक सकाळी, मुलाखत सकाळी, क्लासची पहिली बॅच सकाळी सहाला. हुशार, मेहनती मुलगा म्हणजे पहाटे उठून वाचणारा मुलगा, हे आमच्या मराठवाड्यात लेकराच्या मनावर दुसरी-तिसरीपासून ठसवतात. पहाटे उठायला माझी हरकत नाही. पण उठल्यावर पेन धरता येत नाही, ही गोष्ट कुणाच्या हिशेबात नसते.

पाच वाजता दोन बिस्किटं खाऊन दुखणं कमी करणारी गोळी घेते आणि पुन्हा आडवी होते. बिस्किटांचा पुडा रात्रीच फोडून ठेवलेला असतो, पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवलेलं असतं. सहाच्या सुमाराला गरम पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून बसते. मे महिन्यातल्या नांदेडात सूर्य उगवायच्या आधीच घाम फुटतो. त्यात गरम पाण्यात हात घालून बसलेली मुलगी बघून वसतिगृहात नव्याने आलेल्या मुली थबकतात. जुन्यांना सवय झाली आहे. त्या येता-जाता बादली उचलून देतात आणि काही विचारत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे.

पाण्यातच एकेक बोट वाकवायचं, सोडायचं. सर्वांत आधी करंगळी ऐकते. सर्वांत शेवटी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची मुळं. मूठ पूर्ण वळली की कपडे. पाठीमागे हूक असलेलं काही घेत नाही, नाडीच्या जागी इलॅस्टिक, केस खांद्याच्या वर कापलेले. केस कापले तेव्हा आई आठवडाभर नीट बोलली नव्हती. वेणी घालायला खांदा वर जात नाही हे तिला दिसत होतं, तरी वेणी तिला हवी होती.

सात

विद्यापीठाच्या रस्त्यावर एक फेरी. ही फेरी औषधाइतकीच महत्त्वाची आहे आणि ती मी चुकवत नाही, कारण घोटे आणि तळपाय चालल्याशिवाय सुटत नाहीत.

विष्णुपुरीचा हा परिसर मोठा आहे आणि सकाळी मोकळा असतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी स्थापन झालं. त्याआधी नांदेड, लातूर, परभणीकडच्या पोरांना पदवीच्या कागदासाठी औरंगाबादकडे बघावं लागत होतं. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि शिकवण्याच्या ज्या पद्धतीला सगळा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणतो तिची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. माझा उन्हाळा याच दोन गावांत विभागलेला आहे. गुरुवार ते शनिवार दुपारपर्यंत नांदेडात पीएच.डी.चं काम, शनिवार संध्याकाळपासून बुधवारपर्यंत लातूरला एका खासगी क्लासमध्ये रसायनशास्त्राच्या शंका सोडवण्याचं काम. फेलोशिपचे पैसे उशिरा आणि एकगठ्ठा येतात. औषध, रक्ततपासण्या आणि हैदराबादच्या फेऱ्या मात्र दर महिन्याच्या आहेत.

हैदराबाद अशासाठी की नांदेडचा माणूस मोठ्या दुखण्याला तिकडेच जातो. निजामाच्या काळात टाकलेल्या रेल्वेमार्गाने ती सवय लावली. रात्री गाडीत बसावं, सकाळी पंजागुट्ट्याला निम्स रुग्णालयाच्या रांगेत उभं राहावं. लातूरची माणसं मात्र सोलापूर-पुण्याकडे वळतात. आमच्या भागात हाडांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण आमवात बघणारा तज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, अजून शोधावाच लागतो. माणूस आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, मग मालिशवाल्याकडे, मग आठवडी बाजारातल्या पुडीवाल्याकडे, आणि तोवर सांध्याच्या आतलं अस्तर हाडाला कुरतडायला लागलेलं असतं. हा आजार सुरुवातीच्या महिन्यांत धरला तर हात वाचतात. एवढी एक गोष्ट या भागातल्या प्रत्येक आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

साडेआठ ते साडेअकरा

रसायनशास्त्राचं काम हे हातांचं काम आहे. बाहेरून वाटतं की डोक्याचं असेल. प्रत्यक्षात दिवसभर काचेचे नळ फिरवायचे, फ्लास्क धरायचे, सिलिकाच्या स्तंभासमोर उभं राहून थेंब-थेंब गोळा करायचे. नायट्रोजन असलेली वलयी संयुगं बनवून वेगळी करणं हा माझा विषय. एक स्तंभ लावला की तीन-चार तास हलता येत नाही.

मी उंच स्टूल घेते आणि स्तंभ नेहमीपेक्षा खाली बांधते, म्हणजे खांदा वर न्यावा लागत नाही. तोटीला रबरी नळीचा तुकडा गुंडाळला की ती जाड होते आणि चिमटीऐवजी मुठीने फिरवता येते. जी गोष्ट मला अजिबात जमत नाही ती म्हणजे सेपरेटिंग फनेल हलवणं. दोन्ही हातांत भरलेला काचेचा फुगा उलटा धरून झटके द्यायचे आणि मधूनमधून तोटी उघडून आतली वाफ सोडायची. सुजलेल्या मनगटाला ते शक्यच नाही, आणि हातातून निसटलं तर इथरसारखा पेट घेणारा द्रव जमिनीवर. माझ्या शेजारच्या टेबलावरचा संशोधक माझे फनेल हलवतो. मी त्याचे एनएमआरचे आलेख वाचून देते आणि त्याच्या शोधनिबंधाचं इंग्रजी नीट करते. हा व्यवहार आम्ही पहिल्याच आठवड्यात बोलून ठरवला. उपकार म्हणून चालवला असता तर दोन महिन्यांत दोघांनाही अवघड झालं असतं.

मार्गदर्शकांना मी प्रवेशाच्या वेळीच सगळं सांगितलं होतं. सांगावं की नाही, यावर घरात बराच खल झाला. काका म्हणाले, “कशाला सांगायलीस माय, जागा जाईल.” मी लिहून दिलं. आजाराचं नाव, सकाळी साडेआठच्या आधी हात चालत नाहीत ही अट, आणि त्या बदल्यात संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायची तयारी. सरांनी कागद वाचला, प्रयोगशाळेची एक किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “वेळ तुझी, काम माझं.” त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला तो फक्त उंच स्टूल मागवताना.

कायद्याची बाजू इतकी सोपी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार मोजले आहेत. त्यांत आमवाताचं नाव नाही. सांधे वाकडे झाले, हालचाल गेली, की तो अस्थिव्यंगाच्या रकान्यात बसतो, आणि तिथे चाळीस टक्के भरले तर उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा, नोकरीतल्या चार टक्के, वगैरे. म्हणजे औषध वेळेवर घेऊन ज्यांनी आपले सांधे सरळ ठेवले, ती माणसं कागदावर धडधाकट. सूज मोजता येते, सांध्याचा कोन मोजता येतो. सकाळचे ते दोन तास मोजायचं कोष्टक कुणाकडे नाही.

तरी एक दार उघडलं आहे आणि ते आमच्या भागातल्या फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. विकाश कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. ज्याला लिहायला खरोखर अडचण आहे त्याला वाजवी सोय मिळालीच पाहिजे. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक मिळतो किंवा तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. मी कोर्सवर्कच्या परीक्षेच्या वेळी हा कागद छापून नेला होता. परीक्षा विभागातल्या बाबूंनी तो शांतपणे पूर्ण वाचला आणि झेरॉक्स काढून स्वतःकडे ठेवला, पुढच्यांसाठी. त्या दिवशी तीन तासांच्या पेपराला मला एक तास जास्त मिळाला. तो तास हुशारीचा नव्हता, थांबून बोटं सोडवण्याचा होता.

साडेअकरा

विष्णुपुरी नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, त्यामुळे लातूरची बस दारावरून जाते. तिथे हात दाखवला तर बस थांबते, पण जागा मिळेलच असं नाही. आणि वरच्या दांड्याला लटकून अहमदपूरपर्यंत जाणं माझ्या खांद्याला आणि मनगटाला परवडत नाही. म्हणून मी उलट्या दिशेने रिक्षा करून नांदेडच्या मुख्य बसस्थानकावर जाते, जिथून बस सुटते, आणि खिडकीजवळ बसून पुन्हा विद्यापीठाच्याच दारावरून पुढे निघते. तासभर जातो, रिक्षाचे पैसे जातात. धडधाकट माणसाला हा वेडेपणा वाटेल. माझ्या हिशेबात तो तास म्हणजे संध्याकाळी क्लासमध्ये हात चालण्याची किंमत आहे.

रेल्वेने जायचं तर पूर्णा, परभणी, परळी असा मोठा वळसा. त्यामुळे बसच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि या रस्त्यावरच्या बसमधलं चित्रच बदललं. लोह्याच्या दवाखान्यात एकटीने निघालेल्या आजीबाई, माहेरी चाललेल्या सुना, नर्सिंगच्या मुली. माझ्यासाठी अर्ध्या तिकिटाचा अर्थ असा की दर आठवड्याला नांदेड-लातूर करणं जमायला लागलं.

दुपारी साडेबारा ते साडेतीन

मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. खिडकीतून भट्टीचा वारा येतो. नांगरून पडलेली काळी रानं, उन्हात तापलेली. सोनखेड, लोहा, मग खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव, पुढे अहमदपूर आणि चाकूर. मी गुडघे एका जागी आखडू नयेत म्हणून पाय सारखे हलवते, मांडीवर मऊ चेंडू ठेवून बोटं दाबत राहते.

चेंडू दिसला की शेजारची बाई विचारतेच. “काय झालं हाताला?” वात आहे म्हटलं की तिचा चेहरा मऊ होतो आणि औषधं सुरू होतात. निर्गुडीचा पाला गरम करून बांध. रुईचं पान बांध. आंबट सोड, वांगं सोड, रात्रीचं ताक सोड. ह्यातल्या शेकण्याने बरं वाटतं, खोटं नाही. पण कुणी पुडी सुचवली की मी गप्प बसत नाही. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कितीदा तरी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत बाई पळायला लागते, म्हणून तिचा त्यावर विश्वास बसतो. वर्षभराने चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम सोडली तर जिवावर बेततं. हे मी तिला समजेल असं सांगते आणि पुडीवर घटकांची नावं छापली आहेत का ते बघायला सांगते. नसतील तर घेऊ नका, एवढंच.

मग हटकून चिकुनगुन्याची गोष्ट निघते. २००६ साल या पट्ट्यातल्या लोकांच्या आठवणीत पक्कं बसलं आहे. बीड, लातूर, उस्मानाबाद, नांदेड या भागात गल्लीच्या गल्ली काठी धरून चालत होती. देशभरात त्या वर्षी संशयित रुग्ण तेरा लाखांच्या वर गेले. त्याआधीची भारतातली शेवटची मोठी साथही इथून जवळच, १९७३ मध्ये बार्शीला आली होती; मग तीस-बत्तीस वर्षं हा ताप गायब राहिला. ताप आठवड्यात उतरतो, पण काहींचे सांधे महिनोन्‌महिने, कधी वर्षंही दुखत राहतात. त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ज्या गावांत नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, तिथे घरोघरी ड्रम आणि टाक्या भरलेल्या असणारच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली तेव्हा सगळ्या देशाने लातूरची तहान बघितली. त्या तहानेपोटी साठवलेल्या पाण्याचा सांध्यांशी काय संबंध आहे, हे फारसं कुणी बोललं नाही.

याच आठवणीमुळे माझे पहिले सात-आठ महिने गेले. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बोटं सुजली तेव्हा घरचे, शेजारचे, औषधाच्या दुकानातले, सगळे म्हणाले, चिकुनगुन्याच असणार, राहील हळूहळू. ताप आलाच नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी अँटी-सीसीपी नावाची रक्ततपासणी झाली तेव्हा नाव कळलं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत साधारण अठरा टक्के लोकांना कसली ना कसली सांधे-स्नायूंची दुखणी निघाली, आणि आमवात साधारण दोनशेत एकाला. दोनशेत एक म्हणजे आमच्या बसच्या चार फेऱ्यांत एक माणूस. आणि पुरुषांपेक्षा बायका दुपटी-तिपटीने जास्त.

साडेचार ते साडेआठ

लातूरला उतरले की ऊन कलतं आणि माझे हात दिवसातल्या सगळ्यात चांगल्या वेळेत असतात. हे काम मी निवडलं ते त्यासाठीच. सकाळी सहाच्या बॅचला शिकवायचे पैसे जास्त मिळतात. मी दुपारनंतरचा शंका-काउंटर मागून घेतला.

लातूरच्या ट्यूशनच्या भागात संध्याकाळ म्हणजे सायकली, खानावळीचे डबे, पाठीवर दप्तरं आणि हातात टेस्टचे गठ्ठे. दहावी संपवून गाव सोडून आलेली, अकरावी करून उन्हाळ्यातच बारावीचा अभ्यासक्रम सुरू केलेली, आणि गेल्या वर्षी थोड्या गुणांनी हुकलेली अशी सगळी पोरं. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेच्या सातशेवीस गुणांत रसायनशास्त्राचे एकशेऐंशी. एकेका प्रश्नाचे चार, चुकला की एक वजा. ही पोरं मॅडमकडे येतात ती नुसत्या शंका घेऊन येत नाहीत, वजा झालेला एकेक गुण घेऊन येतात.

काउंटर म्हणजे एक टेबल, समोर रांग. फळ्यावर लिहावं लागत नाही म्हणून खांदा वाचतो. पण सेंद्रिय रसायनशास्त्रात प्रत्येक उत्तर चित्रातच असतं. बेंझीनचं वलय, त्यावरचा बाण, पुढचं वलय. चार तासांत शंभर वलयं काढायची तर माझी बोटं सातच्या आत संपतील. म्हणून पहिल्याच आठवड्यापासून नियम केला की काढायचं मुलाने, बोलायचं मी. “इथून बाण कुठं जाईल? का? तिथं कोण बसलंय?” मुलगा काढतो, चुकतो, मी बोट ठेवते, तो खोडतो. या पद्धतीत वेळ जास्त लागतो, पण तीच शंका घेऊन मुलगा परत रांगेत दिसत नाही. क्लासच्या चालकांनी हे बघून बाकीच्या काउंटरवरही तसंच करायला सांगितलं आहे. त्यांना कारण विचारायची गरज वाटली नाही, आणि मी सांगितलंही नाही.

टेबलाखाली पायाला टेकू हवा असतो, पाठीला आधार असलेली खुर्ची हवी असते, आणि तासाने उठून व्हरांड्यातून एक फेरी मारायची मुभा हवी असते. तीन गोष्टी. त्या मिळाल्या तर माझं काम कुणाही एवढं होतं. न मिळाल्या तर मी एक आजारी मुलगी असते.

सातच्या पुढे एक मुलगी आली. बारावीत निघालेली, निलंग्याकडच्या एका गावची. आयसोमरची शंका होती. वही पुढे केली तेव्हा तिने पेन मुठीत धरलं होतं, लहान मूल खडू धरतं तसं. उजव्या हाताच्या दोन बोटांची मुळं फुगलेली, डाव्याचीही. मी आधी शंका सोडवली. मग विचारलं, हे कधीपासून? दिवाळीपासून. सकाळी जास्त? हो. किती वेळ? “सहाच्या बॅचला लिहिताच येत नाही मॅडम. नऊला जरा येतं. सर म्हणतात झोपेत असतेस.” घरी सांगितलंस? “लिहून लिहून होतंय म्हणाले.”

लिहून लिहून दोन्ही हातांची तीच बोटं सारखी सुजत नाहीत, आणि लिहायचं थांबवल्यावर रात्रीतून वाढत नाहीत. निदान करणं माझं काम नाही आणि मी ते केलं नाही. पण आधीचे माझे सात-आठ महिने कुठे गेले ते मला माहीत होतं. मी तिच्याकडून वडिलांचा नंबर घेतला आणि माझा तिच्या वहीत लिहिला.

नऊ

लातूरला मी आत्याकडे राहते. दोन खोल्या, मोरीत निळे ड्रम. मांजरा धरणातलं पाणी नळाला आलं तो दिवस घरात कामाचा मोठा दिवस असतो. कळशी मला उचलत नाही. भाकरी थापता येत नाही, कारण तळहात सपाट पडत नाही. आत्या म्हणते, “राहू दे माय, तू बस.” तिचा जीव असतो त्यात, पण नुसतं बसून राहिलं की रात्री सांधे आणखी धरतात आणि मनही धरतं. म्हणून मी ड्रमांची झाकणं घट्ट बसली आहेत का ते बघते, आठवड्याने ड्रम रिकामे करून घासायला तिच्या मुलाला लावते, कुकर लावते, भाजी परतते, डाळ निवडते. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी.

जेवल्यावर शनिवारची गोळी. मेथोट्रेक्सेट, पिवळी. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर माणूस मरू शकतो, आणि चिठ्ठी नीट न वाचल्यामुळे अशी माणसं मेलेली आहेत. म्हणून पाकिटावर मी मोठ्या अक्षरात ‘शनिवार’ लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि ठरलेल्या अंतराने यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी. या दोन्ही गोळ्यांचा इतिहास मला रसायनशास्त्रात शिरल्यावर कळला. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड बनवलं आणि त्याचा मार्ग अडवणारी रसायनंही बनवली. मेथोट्रेक्सेट त्यातलंच. १९४८ मध्ये सुब्बाराव गेले. आधी हे औषध रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. आमवातासाठी अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळाली १९८८ मध्ये. त्या रेणूत नायट्रोजनची जी वलयं आहेत त्यांच्याच कुळातली वलयं मी विष्णुपुरीत बनवते. मला हे काम का करावंसं वाटतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

उद्याची सकाळ मळमळीत जाणार. रविवार रिकामा ठेवला आहे तो त्यासाठी.

आईचा फोन येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, आणि मग थोडं थांबून, स्थळ म्हणून आलेला तो परभणीचा मुलगा. आईचं म्हणणं, आधी सांगू नये. माझं म्हणणं, पहिल्या भेटीत सांगायचं, कारण हे औषध चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं, काही महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बदलावं लागतं. जी गोष्ट नवऱ्याला कळल्याशिवाय संसार नीट होणार नाही ती लपवून लग्न कसं करायचं? औषध बदलून, नीट देखरेखीखाली बायकांना मुलं होतात, होत आली आहेत. हे मी तिला पुन्हा सांगते. आज ती फोन ठेवण्याआधी म्हणाली, “मग तूच बोल त्यांच्याशी.” तिच्याकडून हे पहिल्यांदा ऐकलं.

पावणेदहा

त्या मुलीच्या वडिलांना मीच फोन करणार होते, त्यांचाच आला. शेतातून आताच आलो म्हणाले.

“ताई, पोरगी सांगायली, बोटं बघितली म्हणं तुम्ही. काय असंल?”

काय आहे ते डॉक्टर सांगतील, पण वाट बघू नका, असं मी म्हणाले. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. रक्त द्यायला उपाशी राहायची गरज नाही. रिपोर्ट घेऊन रुमॅटॉलॉजिस्टकडेच जा. सोलापूर, पुणे, हैदराबाद, जिकडे तुमचं कुणी असेल तिकडे. कुणी पुडी दिली तर घेऊ नका.

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “क्लास बंद करू का मंग? गावाकडं आणतो. लेकरू जास्त हाय, डॉक्टरकी काय.”

“बंद करू नका, काका. सहाची बॅच बदलून दुपारची घ्या. दिवस चढला की तिची बोटं चालतात, तिनंच सांगितलंय. क्लासला अर्ज द्यावा लागेल, तो मी लिहून ठेवते, तुम्ही सोमवारी सही करा. आणि परीक्षेच्या जास्त वेळेसाठी प्रमाणपत्र लागेल. ते रिपोर्ट आल्यावर बघू. फॉर्म भरायच्या आधी हातात पाहिजे.”

“सोमवारी येतो. त्या तपासण्यांची नावं पुन्हा सांगा जरा, लिहून घेतो.”

मी सावकाश सांगितली. आरए फॅक्टर त्यांना लगेच जमलं. अँटी-सीसीपीला अडखळले, मग म्हणाले, “थांबा, पोराला लिहायला लावतो,” आणि मी पोराला एकेक अक्षर सांगितलं.

अर्ज आत्ताच लिहून टाकते. हात अजून तासभर चालतील.